करपलेली देग

“झाकणाला हात लावायचा नाही,” मोतमदसाहेब मला म्हणाले. “तालुकदारसाहेब येतील, फातिहा होईल, मग झाकण निघेल.”

मोतमद म्हणजे सेक्रेटरी. मानवतच्या पेठेतल्या मुसलमान व्यापाऱ्यांनी दुष्काळात एक लंगर काढला होता, त्याच्या कमिटीचे हे सेक्रेटरी. लंगर म्हणजे येईल त्याला मोफत जेवण. मी तिथला बावर्ची. निजामाचं राज्य होतं, जिल्ह्याच्या कलेक्टरला तालुकदार म्हणत आणि साहेब उर्दूतच बोलायचे. मी इथं मराठीत सांगतोय. त्यांचा तोरा मराठीत येत नाही, तेवढा तुम्ही धरून चाला.

तीन देगी, म्हणजे तीन मोठाले हंडे भरून खिचडा होता. कुटलेली ज्वारी आणि तुरीची डाळ. गोश्त घातलं नव्हतं, कारण समोर बसलेले बहुतेक कुणबी होते, जिंतूरकडच्या गावांतून पायी आलेले. आदल्या वर्षी पावसानं दगा दिला होता, या वर्षी तर तो फिरकलाच नाही. अन्न कुणाच्या हातचं, हे विचारायचं त्राण कोणात उरलं नव्हतं.

खिचडा दमावर होता. दम म्हणजे देगीचं झाकण कणकेनं लिंपून टाकायचं, खालची आग बाजूला ओढायची आणि थोड्या निखाऱ्यांवर, आतल्या वाफेत अन्न मुरू द्यायचं. माझा दम सकाळीच झाला होता. आता ऊन डोक्यावर आलं होतं आणि आत नुसता चिखल व्हायची वेळ आली होती.

आमच्यात रिवाज असा, की लंगरच्या देगीवर आधी फातिहा पढतात, म्हणजे दुआ करतात, आणि मग झाकण काढतात. रिवाज चांगलाच आहे. हे अन्न अल्लाच्या नावानं दिलं, आता ते आपलं नाही, असं त्यात कबूल करायचं असतं. पण फातिहा पढायला पेशइमाम पुरतात. ते तिथंच उभे होते. त्याला तालुकदार कशाला लागतो? मी इमामांकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली. मशिदीतली त्यांची नोकरीही याच कमिटीच्या हातात होती.

तेवढ्यात चारठाण्याकडची एक बाई चुलीपाशी आली. तिचा सासरा लिंबाखाली आडवा पडला होता.

“भाई, ती झाकणाची कणीक गळून पडायलीय. घेऊ का?”

“अक्का, ती खायची नसते. राख लागलीय तिला.”

“धुऊन घेते की. मामंजीला उठवंना झालंय. निसत्या पाण्यावर हायेत. भिजवून घालते तोंडात.”

माझ्या अंगाची लाही लाही झाली. देगीत एवढा खिचडा, आणि ही बाई झाकणाची कणीक मागतेय! मी तसाच साहेबांकडे गेलो.

“साहेब, एक म्हातारा जायच्या बेतात आहे. निदान त्याला तरी वाढू द्या.”

“एकाला दिलं की सगळे उठतील. तालुकदारसाहेबांना काय, मोडलेली रांग दाखवायची?”

“त्यांना माणसं जिवंत दाखवू की!”

“तुझं काम शिजवायचं. ते झालं ना? मग सावलीत बस.”

मांडवात खुर्च्या मांडल्या होत्या. तालुकदारांच्या गळ्यात घालायचे हार सुकू नयेत म्हणून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवले होते आणि एक गडी त्यावर वरचेवर पाणी शिंपडत होता. फुलांची एवढी काळजी! मला इतका संताप आला, की दिसेनासं झालं.

देग लागणं, म्हणजे तळाला करपणं, ही बावर्चीची सगळ्यात मोठी नाचक्की. वास पंगतभर जातो आणि आपलं नाव कायमचं जातं. माझ्या वडिलांची देग कधी लागली नव्हती, माझीही नव्हती. मी फावडं घेतलं आणि बाजूला ओढलेले सगळे निखारे कडेच्या देगीखाली सारले. वर लाकडंही घातली.

थोड्याच वेळात वास सुटला. साहेब शेरवानी सावरत धावत आले.

“अरे, जळतंय! उघड, उघड लवकर!”

“फातिहाशिवाय कसं उघडू, साहेब?”

“इमामसाहेब, पढा! पढून टाका!”

इमामांनी हात उचलले. इतक्या खणखणीत आवाजात त्यांना पढताना मी कधी ऐकलं नव्हतं. फातिहा तिन्ही देगींची एकच असते. मी कणीक फोडली आणि तिन्ही झाकणं काढली.

पहिली थाळी मी हाताशी होती त्या कडेच्या देगीतूनच भरली आणि स्वतः लिंबाखाली नेली. सुनेनं बोटानं कालवून भरवलं. चार घास गेल्यावर म्हाताऱ्यानं डोळे उघडले.

“करपलंय की रं.”

“करपलंय, बाबा.”

“मीठबी कमी हाय.”

थाळी मात्र त्यानं पुसून खाल्ली. मला हसू आलं आणि डोळेही भरून आले. मीठ बरोबर होतं, हे मी आजही सांगतो.

तालुकदारसाहेब आलेच नाहीत. मोटार नादुरुस्त झाल्याचा निरोप संध्याकाळी आला. साहेबांनी हार तिथंच टाकले आणि मला काढून टाकलं. पुढं कित्येक वर्षं पेठेत मला ‘देग करपवणारा’ म्हणत, आणि लग्नाची कामंही मिळेनात. झोंबायचं ते, खोटं कशाला बोलू?

पण तेव्हापासून कुणी खैरातीचं जेवण शिजवायला बोलावलं, की माणसं किती, सामान काय, हे मी नंतर विचारतो. आधी विचारतो, “झाकण कोण काढणार?” माझ्याऐवजी दुसऱ्या कुणाचं नाव निघालं, की फावडं घरून घेऊन जातो.