विलंबित धरणारे भगवंतराव

१४ डिसेंबर २०२४. अकोल्याच्या जुन्या शहरातील कथक वर्गाच्या खोलीत सहा जीव: परीक्षक, गुरू कुंदाताई, पेटीवर लेहरा, म्हणजे ताल मोजणारी फिरती धून, धरणारी रागिणी, दोन विद्यार्थिनी आणि तबल्यावर भगवंतराव.

भगवंतराव मोर्शीकडच्या शेतकरी कुटुंबातले. त्यांचा हात बसला तो गावच्या भजनी मंडळात. तेथे भजन संथ सुरू होते आणि चढत जाऊन संपते. लय न चढवणारा तबलजी आळशी ठरतो. कथकात हाच गुण अंगाशी आला. गेल्या वर्षी परीक्षेत त्यांचा ठेका नकळत चढला, विद्यार्थिनी इशिताची सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, चुकली आणि ती नापास झाली.

"भगवंतराव, यंदा पुन्हा धावलात तर मी तबल्याचं मशीन लावीन," कुंदाताईंनी जूनमध्येच बजावले होते.

"लावा ना ताई. त्याले चाय बी नाई लागत."

विनोद केला खरा, पण नंतरचे सहा महिने ते रोज सकाळी विलंबित त्रितालच घोटत बसले. पत्नी आशाबाई म्हणत, "चाय थंडा झाला, पन तुमची सम काई येऊन नाई राहिली!"

विलंबित लयीत दोन मात्रांमधले अंतर लांबते, आणि लांबलेले अंतर प्रत्येक वेळी तेवढेच राखावे लागते. त्या मोकळ्या जागेत भीती शिरते. भ्यालेला माणूस घाई करतो.

आज परीक्षेत इशिता नाचायला उभी राहिली. हळूच म्हणाली, "काका, धावू नका बरं."

"तू नोको धावू, पोरी. मी अठीच हाओ."

नाचाच्या तिसऱ्या तुकड्यात तीच धावली. पाय मात्रेआधी पडू लागले. तिच्यामागे ठेका ओढून चूक झाकण्याची भगवंतरावांना जन्माची सवय. भजनात ती माया समजली जाते. त्यांनी ठेका हलवला नाही. अर्धे आवर्तन ती एकटी पडली. मग तिला तबला ऐकू आला, जिथे होता तिथेच. तिने पाऊल रोखले, आणि समेवर दोघे एकत्र पोचले.

परीक्षकांनी मान डोलावली. भगवंतरावांनी हात मांडीवर ठेवले.

दोघी उत्तीर्ण झाल्या. कुंदाताईंनी मशीनचा विषय पुन्हा काढला नाही.

प्रमाणपत्रावर विद्यार्थिनीचे नाव आहे, गुरूचे आहे. साथीदाराचे नाही. त्याचे ते देणे अजून बाकी आहे.