आयुधपूजेच्या दिवशी आलेला मेसेज
उगाळलेल्या चंदनाचा वास आला की तंजावूरच्या इस्पितळातली ती कॉम्प्युटरची खोली आठवते. सर्व्हर बंद पडला तर मला मेसेज यावा, म्हणून शेजारच्या कॉम्प्युटरला मी एक जुना मोबाइल जोडला होता. "पूजा झाली की हे खेळणं काढ," आमच्या विभागाच्या साहेबांनी बजावलं होतं. आयुधपूजेच्या, म्हणजे आपल्या खंडेनवमीच्या, सकाळी घरी प्रसादाच्या सुंडलचा, हरभऱ्याच्या उसळीचा, पहिला घास घेतला आणि खिशात मेसेज वाजला. स्कूटर पिटाळली. बघतो तर शिपायानं सर्व्हर बंद करून त्याला चंदन-कुंकू लावलेलं! "आज यंत्रांना विश्रांती नको का, सार?" मी बटण दाबलं. ऑपरेशनच्या पेशंटचा रिपोर्ट उघडेना म्हणून डॉक्टर आणि साहेब धावत आले, तेव्हा तो पडद्यावर हजर होता. साहेबांनी उरलेलं कुंकू माझ्या खेळण्याला लावलं. त्या मोबाइलवरचं कुंकू मी अजून कुणाला पुसू देत नाही.