भिवराबाईनं हलवलेली शाळा

तलवाड्यापासून दोन कोसांवरच्या त्या गावाची शाळा अख्खी लाकडाची होती. निजामाच्या अमदानीत कापसाचं एक जिनिंग बंद पडलं, तेव्हा गावानं त्याचं सागवान गाड्यांतून आणलं आणि चार खणांची शाळा उभी केली. सागाचे खांब, फळ्यांच्या भिंती, वर पत्रे. भिवराबाई तिथं झाडलोट करायची, पाणी भरायची. नवरा वारल्यापासून तिचं सगळं आयुष्य त्या फळ्यांमध्येच गेलं होतं. अक्षर तिला येत नव्हतं, पण कोणती खिडकी पावसात फुगते ते तोंडपाठ होतं.

बाहत्तर साली पाऊस आलाच नाही. आड आटले. जनावरं छावणीत गेली, माणसं तीन कोसांवर पाझर तलावाच्या कामाला गेली आणि तिथंच पालं टाकून राहिली. पोरंही आईबापांमागं गेली. शाळेत त्रिंबक गुरुजी आणि भिवराबाई एवढीच उरली.

सोसायटीचे चेअरमन सुंदरराव एक दिवस आले. दुष्काळी धान्याची पोती ठेवायला जागा नाही, शाळा रिकामीच आहे, तर तिचं गोदाम करू, असं त्यांनी सांगितलं. माणूस वाईट नव्हता. धान्य उघड्यावर पडलं असतं तर लोकांनी त्यांनाच धरलं असतं. गुरुजींनी मान डोलावली. भिवराबाई मात्र त्याच दुपारी चालत तलावावर गेली.

तिथं तिला हाफिजा दिसली. पाढे म्हणण्यात सगळ्यांच्या पुढं असलेली ही पोर बोटांना चिंध्या बांधून खडी फोडत होती. तिचा बाप ख्वाजा सुतार जवळच कुदळींना दांडे बसवत होता. भिवराबाई त्याच्यापुढं जाऊन बसली आणि शाळा उतरवून इथं उभी करता येईल का, असं सरळ विचारलं.

ख्वाजानं हातातला दांडा खाली ठेवला. "खुंट्यांवर जोडलीय ती, भिवरामावशी. उतरंल. पण वाहणार कशात? बैलं तर छावणीत हायेत."

"माणसं हायेत की," ती म्हणाली.

शाळेची डागडुजी सोसायटी करायची, म्हणून निर्णयही सभासदांचाच. नवऱ्यामागं त्याचा शेअर भिवराबाईच्या नावावर झाला होता. सभा घ्या आणि ती तलावावरच घ्या, असा तिनं हट्ट धरला. सभासद सगळे तिथंच होते, त्यामुळं सुंदररावांना नाही म्हणता येईना.

काम सुटल्यावर भरावावर सभा बसली. सुंदररावांनी पोत्यांची अडचण मांडली, आणि ती खरीच होती. मग भिवराबाई उठली. इतक्या माणसांपुढं ती आयुष्यात पहिल्यांदाच बोलत होती.

"पोती माझ्या घरात ठिवा, मी शाळंत ऱ्हाईन. पोरं शाळंत येत न्हाईत, तर शाळा पोरांकडं आणू. कावून आणायची न्हाई, ते सांगा."

एकेक करून हात वर झाले. तिच्या एका खोलीत पोती मावणार नव्हती, हे सुंदररावांना ठाऊक होतं. त्यांनी आपला रिकामा गोठा झाडून घेतला आणि पोती तिथं लावली.

ख्वाजानं प्रत्येक जोडावर पटाशीनं खुणा केल्या. बायांनी फळ्या डोक्यावर घेतल्या, गड्यांनी खांब खांद्यावर. पहिली फळी भिवराबाईनं उचलली. नवव्या दिवशी ओढ्याच्या उतारावर एक तुळई घसरून चिरली. ख्वाजानं चिरेवरून बोट फिरवून बघितलं, ती आता भार पेलणार नव्हती. भिवराबाईनं त्याला पाणी दिलं आणि तीन खणांचीच उभी कर म्हणून सांगितलं.

शाळा उभी राहिली, तरी पोरं फक्त नऊच आली. बाकीची पालांत तान्ही भावंडं सांभाळत होती. भिवराबाई पालापालांत फिरली, तान्ह्यांनाही घेऊन आली आणि तिसऱ्या खणात झोळ्या बांधल्या. पुढं गुरुजी शिकवायचे, मागं ती एका हातानं चार झोळ्या हलवायची. महिन्याभरात पट चाळिसाच्या वर गेला.

त्या वर्षी चौथीच्या परीक्षेला अकरा पोरं बसली आणि सगळी पास झाली. हाफिजा पहिली आली. ख्वाजानं कामावर गूळ वाटला.

पुढच्या मृगाआधी गावानं शाळा परत नेली, आणि या खेपेला पुढच्या खांबाला सुंदररावांचाही खांदा होता. जुन्या जोत्यावर ती एका खणानं आखूड बसली. मोकळ्या राहिलेल्या जोत्यावर हिवाळ्यात पहिलीची पोरं उन्हाला बसू लागली, आणि तो खण पुन्हा कुणी बांधला नाही.