भाऊसाहेबांचे दोन मासे आणि नंदाचा खण

भाऊसाहेब गाडेकर म्हणजे कुणाच्या अध्यात ना मध्यात, असा माणूस. रियाधमध्ये अल मलाझ भागातल्या एका इस्पितळात ते एक्स-रे काढतात. श्वास घ्या, धरून ठेवा, सोडा, एवढं अरबीत म्हटलं की त्यांचं दिवसाचं निम्मं बोलणं झालं. समोर खोकला घेऊन आलेला म्हातारा शेख असो की पाय मोडून आलेला मजूर, सगळ्यांना तेच आणि त्याच आवाजात. संगमनेरहून आले तेव्हा डोक्यावर भरगच्च केस होते. आता केस गेले, स्वभाव मात्र तसाच राहिला.

आल्यावर कितीतरी वर्षं ते सहा जणांच्या खोलीत राहिले. आखातात एकट्यानं राहणाऱ्या माणसांच्या खोलीचा एक अलिखित कायदा असतो. फ्रिजमध्ये प्रत्येकाचा खण वेगळा. गॅसची पाळी ठरलेली, न्हाणीघराची वेळ ठरलेली, आणि दुसऱ्याच्या डब्याला हात लावायचा नाही म्हणजे नाही. केरळचा, लाहोरचा, हैदराबादचा, अशी सहा मुलखांची सहा डोकी त्या कायद्यावर गुण्यागोविंदानं राहिली. तेव्हापासून भाऊसाहेबांची खात्रीच पटली होती, की जगातली निम्मी भांडणं कुणी खण वाटून न दिल्यामुळेच होतात.

पुढे पगार वाढला तसं त्यांनी दोन खोल्यांचं स्वतःचं घर घेतलं, भाड्याचंच. त्यात फिशटँक आणला आणि त्यात ऑस्कर सोडला. ऑस्कर हा सिक्लिड घराण्यातला मासा, दीड वीत लांब, अंगावर विस्तवासारखे ठिपके. भाऊसाहेब कामावरून आले की काचेपाशी येऊन शेपूट हलवायचा, हातातून दाणा घ्यायचा. पण हे सिक्लिड हद्दीच्या बाबतीत महाकडू. बांधावरून डोकी फोडणारी आपली भावकी असते ना, तशी त्यांची जात. टाकीतला एक दगड आपला म्हटला की आपला.

गेल्या वर्षी मुलगी रुचा लग्न होऊन पुण्याला गेली आणि संगमनेरच्या घरात नंदा एकटी पडली. भाऊसाहेबांनी व्हिजिट व्हिसा काढून बायकोला बोलावून घेतलं. लग्नाला पंचवीस वर्षं झाली होती, पण रजेचे महिने जोडून बघितले तर संसार जेमतेम दोन-अडीच वर्षांचा. नवरा काय खातो, कशावर चिडतो, झोपेत घोरतो की नाही, हे नंदाला ऐकूनच माहीत म्हणायचं.

ती यायच्या आधी भाऊसाहेबांनी घर लख्ख केलं. फ्रिज धुतला, पुसला. ती आल्यावर मोठ्या अभिमानानं दार उघडून दाखवलं. म्हणाले, "हा मधला खण तुझा. वरचा माझा. कपाटाची डावी बाजू तुझी." सकाळी न्हाणीघरात साडेसहापर्यंत आपण, नंतर ती, हेही सांगून मोकळे झाले. आता काय बोलावं या माणसाला! पण मनात पाप नव्हतं हो. त्यांच्या हिशेबी यापेक्षा मोठा मान देताच येत नव्हता. सहा जणांच्या खोलीत मधला खण मिळायला माणसं वर्षानुवर्षं थांबायची.

संगमनेरचं घर नंदानं गवंड्यांच्या डोक्यावर उभं राहून बांधून घेतलं होतं. त्या घरात कुठली खुंटी कुठं ठोकायची, हे तिला विचारल्याशिवाय हातोडी उचलायची कुणाची टाप नव्हती. त्या बाईनं लोणच्याची बरणी मधल्या खणात ठेवली आणि दार लावून घेतलं. मग ती विचारायला लागली. हे पातेलं घेऊ का, खिडकी उघडू का, तुमचा चहा झाला असेल तर माझा टाकू का. भाऊसाहेबांना वाटायचं, किती समजूतदार बायको मिळाली आपल्याला. कर्म त्यांचं!

तशात हर्षवर्धन कायमचा भारतात परत निघाला. बँकेत कॉम्प्युटरचं काम करणारा हा नागपूरचा पोरगा भाऊसाहेबांचा मासेवाला मित्र. असं कुणी कायमचं निघालं की त्याचा संसार ओळखीच्यांत वाटला जातो. कुणी कुकर नेतो, कुणी इस्त्री. भाऊसाहेबांच्या वाट्याला सेव्हरम आला, तोही सिक्लिडच, पण ऑस्करहून लहान, सोनेरी, दिसायला शांत. एका म्यानात दोन तलवारी नकोत म्हणून भाऊसाहेबांनी नेहमीचाच तोडगा काढला. टाकीच्या मधोमध काच बसवली. तुझा भाग तुला, माझा मला.

झालं उलटंच. दोघं दिवसभर त्या काचेला नाकं लावून कल्ले फुगवत उभे. ना खाणं, ना फिरणं. दुपारी भाऊसाहेब कामावर असले की नंदा टाकीपुढे खुर्ची घेऊन बसायची. बाहेर ऊन असं, की गच्चीवर कपडे टाकायला जायचीही सोय नाही. ओळखीचं कुणी नाही. मग बघायचं काय, तर एकमेकांकडे बघणारे मासे.

व्हिसाची मुदत संपत आली. वाढवायचा की परत जायचं, हे ठरवायला हवं होतं. भाऊसाहेबांना ती राहायला हवी होती. फार हवी होती. कामावरून येताना आपल्या खिडकीत दिवा दिसतो, एवढ्यानंच त्यांना जिन्यावरून पळत वर जावंसं वाटायचं. पण हे सांगणार कसं? श्वास घ्या, सोडा, यापलीकडे त्यांची जीभ कधी गेली नव्हती. आणि एका संध्याकाळी रुचाशी फोनवर बोलताना नंदाचा आवाज त्यांच्या कानावर पडला.

"त्रास कसला गं," ती सांगत होती, "पाहुणीला कोण त्रास देतं? काढ तू तिकीट."

भाऊसाहेबांना ते लागलं. आपण कधी आवाज चढवला नाही, तिच्या वस्तूला हात लावला नाही, तिची वेळ कधी मोडली नाही. मग चुकलं कुठं?

शुक्रवारी सुट्टी होती. सकाळी त्यांनी टाकीतली काच काढायची ठरवली. मासे असेच उपाशी राहिले तर मरतील. नंदा बादली धरून शेजारी उभी राहिली. भाऊसाहेबांनी बाह्या दुमडल्या आणि एकेक दगड उचलून दुसरीकडे ठेवायला लागले. ऑस्करची लाडकी कपार मोडली, मोठा दगड आडवा टाकला. ऑस्कर कोपऱ्यात जाऊन आडवा पडला. हे मासे रुसतात तेव्हा मेल्यासारखे आडवे पडतात. नंदा घाबरली. हे सगळं का उपसताय, त्याचं आहे तसं राहू द्या की, नव्याला कुठंतरी जागा होईल, असं म्हणाली.

माशांचा विषय निघाला की भाऊसाहेबांची जीभ सुटायची. म्हणाले, "तसं नाही चालत. याचं घर जसंच्या तसं ठेवून दुसऱ्याला कोपरा दिला, तर तो जन्मभर पाहुणाच राहतो. दगड हलवावेच लागतात. दोघांनाही घर नवं वाटलं पाहिजे."

नंदानं बादली खाली ठेवली.

"माशाचं बरोबर कळतं तुम्हाला," ती म्हणाली आणि आत निघून गेली.

भाऊसाहेब कोपरापर्यंत हात पाण्यात घालून तसेच उभे. हातात दगड. लाज वाटली त्यांना. एवढी वर्षं शहाणपणाचा म्हणून जो खणांचा कायदा जपला, तो बायकोपुढे ठेवला होता आपण, आणि तिनं तो निमूट घेतला होता.

हात पुसून ते स्वयंपाकघरात गेले आणि फ्रिज रिकामा करायला लागले. वरचा खण, मधला खण, सगळं ओट्यावर. नंदा बघत होती. "म्हणजे आता हेही तुम्हीच लावणार?" तिनं विचारलं. भाऊसाहेबांच्या हातात दह्याचा डबा होता. तो त्यांनी तिच्या हातात दिला, आणि पायात चपला सरकवून खबूस, म्हणजे तिकडची रोटी, आणायला म्हणून खाली गेले. खबूस कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो. ते मात्र चालत पार मोठ्या रस्त्यापर्यंत गेले.

परत आले तेव्हा दोन घरांपलीकडे ऐकू जावा असा भांड्यांचा आवाज चालला होता. दुपारभर चालला. भाऊसाहेब टाकीपुढे बसून राहिले. ऑस्करनं सेव्हरमला दोनदा पिटाळलं, त्याची शेपटी जराशी फाडली. तिसऱ्यांदा सेव्हरम उलटला आणि कल्ले फुगवून आडव्या दगडाखाली ठाण मांडून बसला. दोस्ती वगैरे काही झाली नाही. संध्याकाळी दोघांनी दाणे खाल्ले, एवढंच.

नंदा दमून पलंगावर टेकली होती. चहा आपण करावा म्हणून भाऊसाहेब स्वयंपाकघरात गेले. तिथं काहीच जागेवर नव्हतं. साखरेच्या जागी डाळ, चहाच्या जागी मोहरी. त्यांनी एक कपाट उघडलं, दुसरं उघडलं. खोटं कशाला बोला, राग आला त्यांना. चांगलाच आला. स्वतःच्या घरात साखर कुठंय हे दुसऱ्याला विचारायची वेळ कधी आली नव्हती त्यांच्यावर. तरी कपाटाचं दार लावून त्यांनी तिला विचारलंच.

"सापडेल हळूहळू," पलंगावरूनच नंदा म्हणाली. "घाई काय आहे? तिकीट काढू नकोस म्हणून कळवलंय मी रुचाला."