पाखरकेळ

ठाण्यास आमच्या घरामागे, विहिरीजवळच्या उन्हात, माझ्या पत्नीने एक परदेशी झाड लावले होते. साहेबाच्या बंगल्यावरच्या माळिणीने तिला मुळासकट फुटवा आणून दिला. पाने केळीसारखी, पण ताठ आणि राखट हिरवी. याला पाखराच्या तोंडाचे फूल येते असे माळीण म्हणाली, म्हणून पत्नीने त्याचे नाव ठेवले पाखरकेळ. फुलायला वर्षे लागतात, हे मात्र माळिणीने सांगितले नव्हते. घरात माझी विधवा आत्या होती. ती जाता-येता म्हणे, "जशी लावणारी तशी केळ. ना घड, ना फूल!" आम्हांला मूल नव्हते. पत्नी झाडाला राख घाली.

ती तापाने गेली, त्याच्या पुढच्या श्रावणात झाडाला कळे आले. लांब हिरवी चोच, वर नारिंगी तुरा, चोचीतून गळणारा चिकट रस. सगळ्या चोची घराकडे वळलेल्या असत. आत्या मागच्या दाराने जाईनाशी झाली.

अविधवा नवमीला श्राद्ध झाले. पत्नीच्या नावाचा घास मी पानावर घालून परसात ठेवला. एरवी ताटातले उचलणारे कावळे भिंतीवर ओळीने बसून राहिले. एकही ओरडेना, एकही उतरेना.

"त्या फुलांना भितात मेले," आत्या दारातून म्हणाली. "काप ती."

"कापू नका," भटजी म्हणाले. "काय राहिलंय त्यांचं, ते कबूल करा."

"तिचं काय राहिलंय ते सगळ्या आळीला ठाऊक आहे," आत्या म्हणाली आणि दारातून मागे सरली.

जे राहिले ते देणे माझ्या हाती नव्हते. मी हात जोडून एवढेच म्हणालो, "घास तेवढा घे गं." भटजी आत गेले.

मग एक कावळा उतरला. त्याने भात उचलला, पण गिळला नाही. झाडावर बसून त्याने तो एका फुलाच्या चोचीत हलकेच कोंबला, पिल्लाला भरवतात तसा. पुन्हा खाली आला, पुन्हा नेला. त्या दिवसांत कावळ्यांच्या घरट्यांत पिल्ले नसतात. पान रिकामे होईतो तो भरवीत राहिला.

"शिवला का?" भटजींनी आतून विचारले.

"शिवला."

"मग बसा जेवायला."

आत्या बसली नाही. ती परसात उतरली, झाडाखाली सांडलेली शिते एकेक वेचली आणि त्या चोचीत घालू लागली.