‘आले गं!’ म्हणणारी

भर सामन्यात मी मुद्दाम जागची हलले नाही, असली शहाणी होते मी!

पन्नास-पंचावन्न सालचं अंधेरी. चर्चच्या मैदानावर आम्ही मुली बास्केटबॉल शिकायचो. गावठाणातली एक पोर आम्हाला बचाव शिकवायची: एक हात समोरच्या संघातल्या आपल्या वाट्याच्या मुलीकडे, दुसरा बॉलकडे, आणि मैत्रीण चकली की ‘आले गं!’ ओरडत मदतीला धाव. सर सारखे तिचंच कौतुक करायचे. नाव लिहीत नाही तिचं. अजून जळते मी.

त्या सामन्यात समोरची मुलगी तिला चकवून सुटली. हिची फजिती बघायला मी माझ्या वाट्याच्या मुलीलाच चिकटून राहिले. बास्केट झाली, आम्ही हरलो.

फ्रॉकच्या बाहीने घाम पुसत ती मला म्हणाली, “तू माझ्या वाट्याची धरली असतीस, तर तुझ्या वाट्याची मी धरलीच असती ना! एवढाही भरवसा नाही का गं?”