दाजींचा न उतरलेला पूल

दाजी गेल्याचं सांगायला भाचा गोदामात आला तेव्हा मी गिऱ्हाइकाशी घासाघीस करत होतो. सौदा पटेपर्यंत उठलो नाही. त्यावरून अक्का अजून माझ्याशी बोलत नाही... न बोलो. मेल्यावर वैर संपतं म्हणणाऱ्यांचा कुणी पूल पळवलेला नसतो.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. पन्नास सालाच्या सुमारास आम्ही दोघांनी कलासीपाळ्याच्या बाजारात भंगाराचा धंदा मांडला. हातगाडी एकच, मी ओढायचो, ते ढकलायचे. पुढे दुकानं वेगळी झाली, तरी जेवण अक्काकडेच. मग वृषभावती नदीवरचा जुना लोखंडी पूल लिलावात निघाला. शेजारी सिमेंटचा नवा झाला होता. आदल्या दिवशी जेवताना ठरलं, बोली मी लावायची, दाजींनी गप्प बसायचं. "सरी, ठरलं, माधवा, पूल तुझा," म्हणत त्यांनी आपल्या हातानं मला पुरणाची होळगी वाढली. आणि लिलावात माझ्यावर चढी बोली लावून पूल स्वतः घेतला! अख्खा बाजार मला हसला.

मी तिथंच त्यांची टोपी उडवली. पण खरं काम नंतर केलं. पुलाच्या तुळया उतरवायला भारी चेनकप्पी लागते, आणि तेवढी मोठी बाजारात एकट्या माझ्याकडे होती. बाहेरून कुणी देऊ नये म्हणून एकेकाला गाठून सांगितलं, त्यांना दिलीत तर माझं दार बंद. पूल जागचा हलला नाही.

वाटलं, झुरतील. त्यांनी पुलावर खुर्ची टाकली! नव्या पुलावरच्या लॉऱ्यांना भिणाऱ्या बायका-पोरं जुन्यावरूनच जायची. हे बसल्या बसल्या सगळ्यांची विचारपूस करायचे. बघता बघता 'पूलअण्णा' झाले. माझी लॉरी दिसली की पलीकडून हाक, "माधवा, स्वल्प थांब की! तुझ्याच कृपेनं उभा आहे बघ!" मी हॉर्न दाबून धरायचो. वर्षानुवर्षं.

दिवसकार्य झाल्यावर भाचा आला. "मामा, आता तरी कप्पी द्या. पूल मोडून मोकळा होतो."

"मागायला तुझ्या बापाला पाठव," म्हणालो.

कप्पी गोदामात टांगलेली आहे. दर शनिवारी तिला तेल घालतो, साखळी फिरवून बघतो. लोण्यासारखी चालते. देणार नाही.

परवा नव्या पुलावरून गेलो. पलीकडे खुर्ची होती, तिच्यावर कुणीतरी हार ठेवलेला... मी हॉर्न दाबला. पूल मागे पडला तरी हात काढला नाही.